वीस चकत्या आणि एक रंधा

एक चकती डुगडुगत होती, म्हणून मी रंधा हातात घेतला. बस्स, एवढाच माझा गुन्हा. त्याच्यावरून बायकोने घर डोक्यावर घेतलं, नात रडली, आणि माझ्या बायकोपेक्षा मोठा अंबाडा बांधणाऱ्या एका पोरगेल्या माणसाने मला सुनावलं, "आजोबा, तुम्हाला टेस्ट नाही." मला! चाळीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला! आता तुम्हीच ऐका आणि तुम्हीच ठरवा.

नातीचं लग्न. रिसेप्शनला वीस टेबलं, आणि टेबलाच्या मधोमध काय मांडायचं यावर घरात महिनाभर खल चाललेला. मी म्हटलं, "मधोमध जेवण मांडा." कुणी हसलं नाही. (मुलीच्या सासऱ्यांना एकदा मी तीन पायांच्या खुर्चीत बसवलं होतं, तेव्हापासून माझ्या विनोदाला कुणी हसायचं नाही असं घरात ठरलंय.)

नातीला हवं होतं रस्टिक. म्हणजे ओबडधोबड. खोडाची आडवी चकती, साल तशीच, करवतीचे ओरखडे तसेच. वर काचेची बरणी, तिच्यात पाणी आणि रानातल्या चार काड्या. डेकोरेटरने, म्हणजे त्या अंबाडेवाल्याने, फोटो दाखवले.

"असलं लाकूड आम्ही जाळायला देतो," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली!" तो उडालाच. "जाळायच्या लाकडाचा फील हवाय!"

अरे, हा फील घालवता घालवता माझी कंबर गेली रे!

पण नात जवळ आली. म्हणाली, "आजोबा, चकत्या तुम्हीच कापायच्या. मी सगळ्यांना सांगणार आहे, माझ्या आजोबांच्या हातच्या आहेत. फक्त एक वचन द्या. रंधा लावायचा नाही."

"नाही लावत."

"पॉलिश पेपर?"

"नाही गं बाई."

"नुसता हात फिरवतो, असंही नाही. मी ओळखते तुम्हाला."

दिलं वचन. अगदी मनापासून दिलं.

वखारीतून खोड आणलं. तसं दुसरं वखारवाल्याकडेही नव्हतं. वीस चकत्या कापल्या, ओळीने मांडल्या, आणि नजर दुसरीकडे फिरवली. पण सातवी डुगडुगली. आता वर काचेची बरणी. ती कलंडली, पाणी पाहुण्याच्या मांडीवर गेलं, तर नाव कुणाचं जाणार? म्हणून तळाला दोन हात मारले. तळाला हो! तळ कोण बघतंय? पण तळ गुळगुळीत आणि वरती खरखरीत, हे म्हणजे अंघोळ करून मळका सदरा घालण्यासारखं. मग वरूनही दोन हात. तेवढ्यात साल सुटून पडली. मी काही केलं नाही, ती निमित्तालाच टेकली होती. मग ती एक चकती एकोणीस जणींत अशी दिसायला लागली, जसा शेतातल्या चिखलात बूट घालून आलेला साहेब. तिला एकटं कसं पाडायचं? बाकीच्याही घेतल्या. रंधा मारल्यावर लाकडाच्या रेषा काय उमटल्या! आणि पॉलिशशिवाय त्या आठ दिवसांत मरतात, हे मला ठाऊक. तीन हात पॉलिश दिलं.

अशा झाल्या, की त्यात बघून दाढी करावी.

शनिवारी सकाळी नात आणि अंबाडेवाला आले. मी ऐटीत वरचं फडकं काढलं.

"आजोबा, हे काय आहे?"

"चकत्या."

"तुम्ही वचन दिलं होतं."

"अगं, एकच डुगडुगत होती..."

"हे कारखान्यातून आल्यासारखं दिसतंय," अंबाडेवाला म्हणाला, आणि टेस्टबिस्ट काय ते बोलला. कारखान्यातून! असा राग आला, की त्याचा अंबाडा पण रंध्याने सपाट करावासा वाटला. पण मी नातीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळ्यांना सांगून बसले मी," एवढंच म्हणाली.

रिसेप्शन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दुसरं खोड नाही. मी लोखंडी साखळी उचलली, म्हटलं तिने ठोकून परत खरबरीत करू. पण हात खाली येईना. पोटच्या पोराला मारवतं का? (पोराला मी मारलंय, पण तो एवढा गुळगुळीत नव्हता.)

"सरका," बायको म्हणाली आणि चकत्या गोळा करायला लागली.

"कुठे नेतेस?"

"स्वयंपाकघरात. पंचवीस माणसं उतरलीत घरात, काही ना काही कमीच पडतंय."

मग जे झालं ते मी उघड्या डोळ्यांनी बघितलं. बहिणीने एकीवर कांदे चिरले. मेहुणीने दुसरीवर आलं ठेचलं. सुनेने गॅसवरचं पातेलं उचललं आणि तस्संच तिसरीवर आदळलं. चर्र आवाज आला. चकतीतून की माझ्या छातीतून, सांगता येत नाही.

"अगं, हळू जरा!"

"अहो, हळू करायचं असतं तर तुम्हालाच नसतं का दिलं?" बायको म्हणाली.

रविवारी दुपारपर्यंत चहाचे डाग, सुरीचे वार, पातेल्यांचे काळे गोल. अंबाडेवाल्याने एक चकती हातात घेतली, डोळे मिटले. "वॉव! काय कॅरेक्टर आलंय! आजी, ही कुठली टेक्निक?"

"संसार," बायको म्हणाली.

नात हसली. रडत रडत हसली, आजीच्या गळ्यात पडली, मग माझ्या. माझा जीव भांड्यात पडला. पण मोजल्या तर चकत्या एकोणीसच.

विसावी माझ्या पिशवीत होती. हो, लपवली! बाप आहे मी तिचा. हॉलमध्ये आमचं टेबल अगदी मागे, त्याच्यावर नुसती बरणी. आजूबाजूला बघितलं, हळूच खाली चकती सरकवली. काय झळकली! बायको कपाळाला हात लावून बसली. मी छाती काढून वाट बघायला लागलो, आता कुणीतरी विचारेल.

वेटर आला. बरणी उचलून बाजूला ठेवली, चकतीवर आमच्या टेबलाचे सगळे उष्टे ग्लास रचले आणि घेऊन निघाला.

मी धावत जाऊन त्याला आडवा गेलो. "अरे, ठेव! ठेव ते!"

"आजोबा, सरका," तो म्हणाला, "ट्रे नवा कोरा आहे, ओरखडा पडला तर मालक मला धरेल."

मी गपचूप सरकलो.