तळघरातला मधला दिवा

“ही ट्यूब अगदी आमच्या गेलनसारखी. जागी आहे की झोपलीय, कळायला मार्ग नाही,” बटाटे सोलता सोलता लव्हॉन पुटपुटली.

“हळू बोल गं,” आर्लिस म्हणाली. “व्हर्नर शिडीवर आहेत.”

“म्हणून तर पुटपुटतेय!”

चर्चच्या तळघरात, मधल्या टेबलाच्या बरोबर वर, दोन ट्यूबांचा मधला दिवा सकाळपासून लुकलुकत होता. त्याच्याखाली, ऐंशी कधीच ओलांडलेले व्हर्नर हाउगेन शिडीच्या चौथ्या पायरीवर उभे होते. त्यांनी एक ट्यूब काढली, चाचपडत दुसरी बसवली, पाव वळसा दिला आणि खाली उतरले. दिवा पहिल्यासारखाच लुकलुकत राहिला.

“झालं! कसा पडलाय उजेड?”

“छान,” आर्लिस म्हणाली.

“वाईट नाही,” लव्हॉन म्हणाली. मिनेसोटात याहून मोठी स्तुती नाही.

व्हर्नरना नीट दिसत नाही, हे हिवाळ्यापासून सगळ्या गावाला कळलं होतं. एका रविवारी त्यांनी कोट अडकवायच्या खुंटाळ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या आणि त्याचा निरोपही घेतला होता. पण बोलायचं कुणी? तळघराच्या चाव्या तीस वर्षं त्यांच्या कमरेला होत्या. बायको गेल्यापासून तर ते त्या चाव्यांसाठीच सकाळी उठत. ‘दिसत नाही’ हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले असते, तर चर्चच्या समितीला चाव्या काढून घ्याव्या लागल्या असत्या. शिवाय या तीस वर्षांत त्या तळघरात लग्नं झाली, बारशी झाली, मर्तिकाची जेवणं झाली, आणि एकदाही कुणाला मान वर करून दिव्याकडे बघावं लागलं नव्हतं. तेव्हा गप्प राहायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. अर्थात, एक शब्दही न बोलता.

वर्षातलं मासळीचं मोठं जेवण दुपारी बाराला होतं. दोनशे पानं. व्हर्नर कॉफी घ्यायला वर गेले तशी लव्हॉनने नवऱ्याला कोपर मारलं.

“जा. ते यायच्या आत बदल.”

गेलन बॉयलरच्या खोलीतून पुठ्ठ्याच्या खोळीतली कोरी ट्यूब घेऊन आला आणि चढवून मोकळा झाला. दिवा आणखी मंदावला. ट्यूबच्या दोन्ही टोकांना विझत्या निखाऱ्यासारखी लाली तेवढी उरली.

“नवीच होती ना?”

“खोळीतनं काढली की मी माझ्या हातानं!”

खोळ नवीच होती. पण व्हर्नर नवी ट्यूब काढली की त्याच खोळीत जुनी सरकवून ठेवत. थोडा जीव आहे, फेकायची कशाला? बारा खोळींपैकी खऱ्या नव्या कुठल्या, हे टोकांचा काळेपणा पाहून त्यांना लगेच कळायचं. डोळे होते तोवर.

गेलन मासळी उतरवायला गेला. तेवढ्यात पास्टर मेरेडिथ खाली आल्या. शिकागोहून येऊन चारच महिने झाले होते, पण इथली रीत त्यांनी भराभर उचलली होती. दिवा मिणमिणतोय हे त्यांनी पाहिलं, कुणालाही सांगितलं नाही, हळूच शिडीवर चढून उरलेली दुसरी ट्यूब बदलली. दिवा गपकन गेला. आतून नुसती गुणगुण येऊ लागली.

व्हर्नर परतले, मेलेल्या दिव्याखाली उभे राहिले आणि कान टवकारून म्हणाले, “कसा लख्ख!”

“लख्ख,” आर्लिस म्हणाली आणि टेबलावर डाव चाचपडू लागली.

मंडळी बसली. पांढरा मासा, पांढरे बटाटे, पांढरा सॉस, बटाट्याच्या पांढऱ्या पोळ्या. पास्टर दिव्याखाली उभ्या राहून प्रार्थना म्हणू लागल्या. अर्ध्यात पोचल्या असतील नसतील, तोच शेजारच्या ताटात टप्पकन एक काळा थेंब पडला.

“यंदा मिरी घातलीत?” म्हाताऱ्या बोर्ग्नी बाईंनी दचकून विचारलं. इथल्या मासळीत मिरी म्हणजे बंडच.

“चिमूटभर,” म्हणत आर्लिसने ताट उचललं.

दुसरा थेंब पास्टरच्या पांढऱ्या बाहीवर पडला.

“जुनाच डाग आहे,” पास्टर म्हणाल्या आणि पुढची ओळ घेतली.

मग जळका वास सुटला. “कुणाची तरी पोळी करपली वाटतं,” गेलन म्हणाला. चुली विझवून अर्धा तास झाला होता.

व्हर्नरनी प्रार्थनेतच मान वर केली. “थांबा. हा चोक ओरडतोय.”

“कोण?”

“दिव्यातला चोक. ट्यूब म्हणजे उधळं घोडं. चोक तिला आधी ढकलतो, मग लगाम धरतो. मेलेल्या ट्यूबांना ढकलून ढकलून हा तापलाय, त्यातलं डांबर वितळतंय. त्या टेबलावरचं कुणी काही खाऊ नका!”

ते तडक भिंतीशी गेले आणि मोठा खटका पाडला. मधला दिवा आधीच गेला होता. आता उरलेलेही गेले. बिनखिडकीच्या तळघरात दोनशे माणसं मिट्ट काळोखात. कुठेतरी सॉसचं भांडं आडवं झालं.

“जागचे हलू नका,” व्हर्नरचा आवाज आला, शांत. “मधल्या टेबलावरचे तेवढे उठा. बोर्ग्नी, तुमच्या उजवीकडे खुर्ची आहे. हात द्या. पास्टर, पुढे खांब आहे, डावीकडून या.” एकेकाला ते भिंतीशी नेऊन उभे करत होते, आणि एवढ्या गर्दीत धडपडत नव्हते ते एकटेच.

“आता सांगा. ट्यूब कुणी बदलली?”

“एक मी,” गेलन म्हणाला.

“एक मी,” पास्टर म्हणाल्या.

“आणि एक मी. म्हणजे तिन्ही मेलेल्या.” व्हर्नर थांबले. “दिवा नीट लागला नाही, तेव्हा मला कुणी सांगितलं का नाही?”

दोनशे माणसं अंधारात आपापल्या न दिसणाऱ्या ताटाकडे बघत राहिली.

“कारण तुम्हाला दिसत नाही, व्हर्नर,” आर्लिस म्हणाली. आता सुरुवात झालीच होती. “आणि तुमच्याशिवाय आमचं चालत नाही. तीस वर्षं झाली, आभार मानायचेच राहिले. चाव्या तुमच्याकडेच असू द्या. शिडी तेवढी आम्हाला द्या.”