चंद्राआत्या आधी घर बघते

चंद्राआत्या नसती तर माझी सुमन कुठे आणि कशी वाढली असती कोण जाणे, हे आधी सांगून ठेवते. कारण पुढे मी आत्याला नावं ठेवणार आहे. तिनेही जन्मभर दुसरं काही केलेलं नाही.

महाडात आमच्या आळीत कोणाच्याही घरात शिरली की ती पहिल्यांदा पाणी मागायची. आणून दिलं की प्यायची नाही. तांब्या नाकाशी धरायची, आत डोकावायची, बुडाशी बोट फिरवायची आणि तसाच खाली ठेवायची. "ऱ्हाउं दे, तहान मेली," म्हणायची. घरातल्या बाईचं तोंड तेवढ्यात उतरायचं. सगळी आळी तिला आत्या म्हणायची, कारण ती भावाच्या घरी राहायची. भाऊ वारला, भाचा मुंबईला गेला, आत्या तिथेच राहिली.

मी परभणीकडची. सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याला इकडे ट्रकवर काम लागलं तशी मीही आले. तो आठ आठ दिवस कशेडी घाटाच्या पलीकडे. माहेर म्हणजे एसट्या बदलत दीड दिवस. आत्याने पहिल्याच दिवशी माझी ज्वारीची भाकरी बघून विचारलं होतं, "ही गुरांना काय गो?" आणि त्यातली अर्धी खाऊन गेली होती.

एमआयडीसीत नवीन कारखाना आला आणि मला डबे भरायचं काम मिळालं, नऊ ते पाच. सोमवारी हजर नाही झाले तर माझ्या जागी दुसरी बाई. सुमन अडीच वर्षांची. तिला ठेवायला जागा दोनच. एक देवळामागे भरणारी बालवाडी, नाहीतर बाजारपेठेतल्या मालतीबाई, त्या घरीच पोरं सांभाळायच्या. जो तो मालतीबाईंचंच नाव घेत होता. मी त्यांच्याकडे विचारायला जाणारच होते, तेवढ्यात आत्याला कळलं.

"पोर द्यायची नि घर बघायचं नाय? तुमच्यात असंच देतात काय?"

मी म्हटलं, अगं आत्या, हे काय लग्न आहे का, पाच वाजेपर्यंत तर ठेवायचीय. पण ती ऐकते कुठली. ठेवणीतलं लुगडं नेसली, छत्री घेतली आणि सोयरीक जमवायला निघाल्यासारखी पुढे चालायला लागली.

आधी बालवाडी. तिथली बाई कोवळीच होती. आत्याने तिला गाव विचारलं, बापाची शेती विचारली, पाणी मागितलं, हुंगलं, ठेवलं. मग पोरांच्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून जी बसली ती बालवाडी सुटेपर्यंत हलली नाही. सुकडी वाटायला आली तेव्हा हातही पुढे केला. परतताना रस्ताभर तोंड चालू. नुसत्या टाळ्या वाजवतात, भजन हाय काय. सुकडी टाळ्याला चिकटते. भिंतीवरचा हत्ती डुकरासारखा. आणि बाईला शिस्त म्हणून नाय. एका पोरानं चड्डी ओली केलीन तर गाणं अर्ध्यावर सोडलंन, आपल्या हातानं पोराला धुतलंन, ओरडली पण नाय. "असल्या बाईला पोरं भितील काय?"

दुसऱ्या दिवशी मालतीबाई. फरशी चकचकीत, पाळणा, काचेच्या कपाटात खेळणी आणि कपाटाला कुलूप. आत्याने तांब्या हुंगला आणि चक्क पाणी प्यायली. मला वाटलं, ठरलं. आत्या पदर सावरून म्हणाली, "मुलीसाठी घर बघायला आलोय." मग घर आपलं की भाड्याचं, माणसं किती, घरात कोणी पितं का, सगळं रीतसर विचारून झालं. मुलगी सावळी आहे पण नाकीडोळी नीट आहे, असंही सांगून झालं. मी तिला कोपराने ढोसत होते.

मालतीबाईंना लग्नाचा मुलगा होता, हे आम्हाला काय ठाऊक. त्या लगबगीने उठल्या. सांभाळायला आलेल्या पोरांना मागच्या खोलीत लोटलं, बाहेरून कडी घातली आणि पोहे करायला घेतले. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून समोर येऊन बसला. मागच्या खोलीत एक पोर रडायला लागलं, मग दुसरं, मग आतून दारावर हात आपटायला लागले.

आत्याने विचारलं, पोरं कोणाची?

"अहो, शेजारची आहेत ती, येतात खेळायला," मालतीबाई म्हणाल्या. "पोहे घ्या ना तुम्ही."

आत्याने पोहे संपवले. वरचं खोबरंसुद्धा ठेवलं नाही. मग उठून मागच्या दाराची कडी काढली आणि त्या मुलाकडे वळून म्हणाली, "पोरगी अडीच वर्साची हाय. थांबतोस काय?"

घरी येईपर्यंत ती एवढंच बोलली, की पाणी बरं होतं तिचं.

सुमन बालवाडीत जाणार हे ठरलं. पण बालवाडी एकला सुटायची. पुढे पाचपर्यंत काय? मी आत्याकडे बघितलं. तिने हात झटकले. पोरं सांभाळणं आपल्याला जमायचं नाही, शेंबूड बघितला की आपल्याला घास उतरत नाही.

सोमवार तोंडावर आला होता. मला काय सुचलं कोण जाणे, संध्याकाळी तिच्या ओटीवर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आत्या, मुलीसाठी घर बघायला आलेय. पाणी दे."

मला वाटलं शिव्या घालेल. ती आत गेली. बराच वेळ मोरीतून चिंचेने भांडं घासल्याचा आवाज येत होता. मग लखलखीत तांब्या माझ्या हातात देऊन ती पायरीवर बसली. मी आत डोकावले, हुंगलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"नीट बघ," ती म्हणाली. "मला शिवथरला दिलीन, तवा घर बघायला कोन गेलं नाय. नावाजलेली मानसं हायत, म्हनला बा."

  तांब्याभर पाणी प्यायले.

सुमन त्या ओटीवर वाढली. आत्या अजून म्हणते, मी कुठं सांभाळली, तीच यायची. पण बालवाडी सुटायच्या कितीतरी आधी आत्या तिथल्या खिडकीत उभी असायची, हत्तीला नावं ठेवत.

आता भाच्याने तिला कायमचं मुंबईला बोलावलंय. खोली चांगली आहे, भाच्याची बायकोही चांगली आहे, असं जो तो सांगतो. आत्या बोचकं बांधून बसलीय. मी तिला म्हटलंय, थांब जरा. आधी मी मुंबईला जाणार, त्या घरात पाणी मागणार, तांब्यात डोकावणार. तिचे उपकार मला फेडता आले तर असेच येतील. आणि पाणी मला नाही पटलं, तर आत्या माझ्या खोलीत राहील. माझ्या भाकरीला नावं ठेवील, आणि अर्धी खाईल.