बिनजोडाचा स्कर्ट

शेवटच्या झाडाला पहिल्या झाडाइतकंच पाणी मिळालं पाहिजे, हा शेळगावच्या महिपती आबांच्या आयुष्याचा सिद्धान्त होता. तो त्यांनी आपल्या डाळिंबाच्या बागेत सिद्ध केला होता आणि ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही ते तो समजावून सांगत. जगातली निम्मी भांडणं पाणी आणि मान शेवटच्या झाडापर्यंत पोचत नाही म्हणून होतात, असं ते म्हणत. हे म्हणताना घरातला पहिला चहा आणि पंख्याखालची खाट त्यांच्याकडेच असे, ही गोष्ट वेगळी.

आबांना ठिबक सिंचनातलं सगळं कळत होतं. कुणाची नळी चोंदली, कुणाच्या बागेत एका टोकाला चिखल आणि दुसऱ्या टोकाला भेगा पडल्या, की आबांना बोलावणं यायचं. अडचण एवढीच होती की, ठिबकमधलं सगळं कळतं म्हणजे सगळ्यातलं सगळं कळतं, असा त्यांचा समज झाला होता. आणि या समजाला आजवर फक्त त्यांच्या बायकोनं, म्हणजे बनाबाईंनी, विरोध केला होता.

तर यंदा त्यांची नात छकुली शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचणार होती. मुलगा आणि सून बारामतीच्या कंपनीत नोकरीला, सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर परत. त्यामुळे छकुलीचं जेवण, अभ्यास आणि रुसवे हे खातं आजी-आजोबांकडे होतं. नाच वसंत ऋतूचा होता. पुढच्या रांगेतल्या मुली फुलं, मागच्या रांगेतल्या मुली झाडं. फुलांनी गिरकी घ्यायची, झाडांनी पुठ्ठ्याच्या फांद्या धरून गाणं संपेपर्यंत हलायचं नाही. नाच बसवणाऱ्या योगिनीबाईंनी छकुलीला मधलं फूल केलं होतं, पण एका अटीवर. स्कर्ट पिवळा हवा आणि गिरकी घेतली की तो ताटासारखा पसरला पाहिजे. नाही पसरला तर छकुली झाड.

ही अट छकुलीनं घरी येऊन रडवेल्या तोंडानं सांगितली. बनाबाईंकडे शिलाई मशीन होतं, निम्म्या गावाची ब्लाउजं त्याच शिवायच्या. त्या म्हणाल्या, त्यात काय, कळ्या म्हणजे तिरप्या पट्ट्या कापून जोडते, छान घेर येईल.

आबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कळ्या म्हंजी जोड आलं. आन जोड आला की गळती आली."

"आवं, स्कर्ट हाय त्यो. त्यात कुठं पानी सोडायचंय?"

"तत्त्व एकच आसतंय. बिनजोडाचा करायचा. अख्खा गोल. मी कापतो, तू निस्ती टीप मार."

बनाबाईंनी मशीनवरचं लग्नघरच्या ब्लाउजांचं गाठोडं पाहिलं आणि मान हलवली. तो होकार नव्हता. दमणूक होती. पण आबांनी होकार धरला.

बिनजोडाचा गोल काढायचा तर कापडाला तेवढा पन्हा पाहिजे. आबांनी बारामतीची बाजारपेठ पालथी घातली आणि शेवटी पिवळीधमक डबल बेडची चादर घेऊन आले. जाड, टिकाऊ, कडेला मोर. दुकानदारानं दहा वर्षांची खात्री दिली होती. छकुली तेव्हा सतरा वर्षांची असेल हा विचार आबांना शिवला नाही.

अंगणात चादर अंथरली. बागेत आळं आखायचं तर मधे खुंटी ठोकतात, तिला दोरी बांधतात आणि गोल फिरतात. चादरीत खुंटी ठोकायला बनाबाईंनी मनाई केली, म्हणून आबांनी मधोमध छकुलीला उभं केलं. तिच्या कंबरेला सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला खडू, आणि वाकून फिरायला सुरुवात केली.

खुंटीनं हलायचं नसतं हे छकुलीला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबा वाकून आपल्याभोवती फिरतायत हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यामुळे आबा जातील तिकडं तीही कौतुकानं अंग वळवू लागली, कधी त्यांच्याबरोबर, कधी त्यांच्या उलट. सुतळी कधी गुंडाळली जाई, कधी सुटे. रेघ पूर्ण झाली तेव्हा तिची सुरुवात एकीकडे होती आणि शेवट वीतभर आत. आबांनी थोडा विचार केला आणि अंगणाला उतार आहे असा निर्णय दिला.

पण खरी चूक पुढं झाली, आणि ती ठिबकवाल्या माणसाशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. आता मधलं भोक कापायचं होतं, कंबरेचं. नळी बुंध्याला टेकली की बुंधा कुजतो, म्हणून ती चांगली हातभर लांब ठेवायची, हे आबांनी आयुष्यभर लोकांना बजावलं होतं. शिवाय बुंधा वाढतो. पोरगी तर त्याहून वेगानं वाढते. आबांनी कंबरेपासून चांगली हातभर जागा सोडली आणि कात्री चालवली.

बनाबाई ब्लाउजाच्या नादात होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा आबा छकुलीच्या डोक्यावरून स्कर्ट घालत होते. स्कर्ट डोक्यावरून आला, खांद्यावरून गेला, कंबरेजवळ क्षणभरही न थांबता थेट जमिनीवर जाऊन बसला. छकुली मधे उभी आणि भोवती पिवळं आळं.

बनाबाईंनी मशीन थांबवलं.

"आता सोडा पानी," त्या म्हणाल्या.

पुढचा सगळा दिवस बनाबाईंचा त्या भोकाला चुण्या घालण्यात गेला. लग्नघरची ब्लाउजं मागं पडली. चुण्यांवर चुण्या, वरून रुंद इलॅस्टिक. अखेर स्कर्ट कंबरेला थांबला, पण चादरीचा सगळा जाडपणा आता छकुलीच्या पोटाभोवती गोळा झाला होता. समोरून ती कडब्याच्या पेंढीसारखी दिसत होती. तरी ती खूश होती. अंगणाच्या मधे उभी राहिली, हात पसरले आणि गिरकी घेतली.

छकुली फिरली. स्कर्ट फिरला नाही.

तिनं पुन्हा गिरकी घेतली, जोरात. चादरीनं खालच्या बाजूला थोडी कुरकुर केली आणि पायांना गुंडाळी मारून ती तशीच लोंबत राहिली. दहा वर्षांची खात्री होती तिची. छकुलीनं तिसरी गिरकी घेतली नाही. खाली बघत म्हणाली, "म्हंजी मी झाडच व्हनार का आबा?"

आबांनी आयुष्यात झाडांसाठी पुष्कळ केलं होतं, पण नातीनं झाड व्हावं हे त्यांना सोसेना. ते तडक शेडकडे गेले. येताना त्यांच्या हातात ठिबकच्या जुन्या नळीचं वेटोळं होतं.

"आवं, आता ह्ये काय आनि?" बनाबाई म्हणाल्या.

"घेराला आधार पायजे. खालच्या दुमडीत नळी घालू, दोन्ही टोकं जॉइनरनं जोडू. स्कर्ट खाली पडनारच न्हाय."

"जोड नको व्हता ना तुमाला?"

आबांना ऐकू आलं नाही. वयानं त्यांचे कान अधूनमधून असे जात.

नळी दुमडीत बसली. पूर्वी तिच्यावर थेंब सोडणारे ड्रिपर होते, ते काढून टाकल्यामुळं जागोजाग बारीक भोकं राहिली होती. भोकं छकुलीच्या पायाला घासू नयेत म्हणून आबांनी ती काळजीपूर्वक बाहेरच्या बाजूला ठेवली. आणि मग छकुलीनं गिरकी घेतली, तर काय सांगावं. स्कर्ट असा उठला की ताट कसलं, परातच. तुळशीजवळची पणती उडाली, बनाबाईंचा चहाचा कप ओट्यावरून गेला आणि कोंबड्या गोठ्यात शिरल्या त्या संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. छकुली हसत हसत फिरतच राहिली. आबांनी डोळ्यांतलं पाणी खोकल्यात लपवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत योगिनीबाईंनी स्कर्ट पाहिला, एक पाऊल मागं सरल्या आणि छकुली मधलं फूल राहील असं जाहीर केलं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गॅदरिंगच्या दिवशी दुपारी बनाबाईंनी इस्त्री करताना नाक मुरडलं. स्कर्टला खताचा वास येत होता. नळीतून वर्षानुवर्षं विद्राव्य खतं गेलेली, आत पांढरा थर बसलेला. मुलीच्या अंगाला हे नको, असं त्या म्हणाल्या, आणि या एका मुद्द्यावर नवरा-बायकोचं एकमत झालं. तेच नडलं.

चोंदलेल्या नळीचं काय करायचं हे आबांना कुणी सांगायला नको. त्यांनी जॉइनर उघडला, एक टोक नळाला लावलं, पाणी सोडून नळी फ्लश केली, आणि स्वच्छ पाणी येतंय याची खात्री झाल्यावर टोकं पुन्हा घट्ट जोडली. दुमड ओली झाली ती बनाबाईंनी इस्त्रीनं वाळवली. नळी रिकामी करायची असते हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बागेत ती कधी रिकामी करावी लागत नाही.

शाळा इंदापूरच्या रस्त्यावर. स्कर्ट घालून छकुली मोटारसायकलवर मावेना, म्हणून तिला टोमॅटोच्या पिकअपमध्ये मागं क्रेटच्या मधे उभं करून नेलं. वाटेत ती एकदा म्हणाली, "आबा, पायाला गार लागतंय." आबा म्हणाले, नवीन कापड गारच असतं.

गॅदरिंगला पाहुणे म्हणून दूधसंस्थेचे चेअरमन संभाजीराव आले होते. पांढरे कडक कपडे, कपाळाला गंध, पहिल्या रांगेत सोफा. सोफ्याच्या टोकाला मुख्याध्यापिका, टेबलावर हारतुरे. आबा-बनाबाई दुसऱ्या रांगेत, बरोबर त्यांच्या मागं.

गाणं सुरू झालं. मागं झाडं न हलता उभी राहिली, पुढं फुलं आली. छकुली मधोमध. तिनं एकदा दुसऱ्या रांगेत पाहिलं, आजोबा दिसले, तिनं हात पसरले आणि गिरकी घेतली.

स्कर्ट ताटासारखा पसरला. आणि त्याबरोबर चारी बाजूंनी पाण्याचे बारीक, एकसारखे फवारे सुटले.

पहिला फवारा मुख्याध्यापिकांच्या चष्म्यावर बसला, दुसरा हारतुऱ्यांवर, तिसरा संभाजीरावांच्या गंधावर. माइकनं खर्रकन आवाज करून मान टाकली. गाणं चालू होतं म्हणून छकुली थांबली नाही. योगिनीबाईंनी तिला बजावलंच होतं, काही झालं तरी गिरकी सोडायची नाही.

आबांनी खुर्चीत स्वतःला जमेल तितकं बारीक केलं. आता चेअरमन उठणार, पडदा पडणार आणि पोरगी रडत खाली येणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. बनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सुटलं पानी."

पण संभाजीराव जन्मभर लग्नं गाठणारा माणूस. मांडवात शिरताना अंगावर गुलाबपाणी शिंपडतात याची त्यांना इतकी सवय होती की, तोंडावर थेंब पडताच त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि समाधानानं वास घेतला. वास घेतल्यावर मात्र त्यांनी डोळे उघडले. पण तोवर त्यांचं बघून अख्ख्या पहिल्या रांगेनं हात चेहऱ्यावरून फिरवले होते, आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या. पाहुण्यांच्या स्वागताची अशी कल्पक पद्धत तालुक्यात प्रथमच, असं निवेदकानं माइकशिवाय ओरडून सांगितलं. वन्समोअर झाला. दुसऱ्यांदा नळी कोरडी निघाली, तर लोक थोडे नाराज झाले.

कार्यक्रम संपल्यावर संभाजीराव आबांना शोधत आले. त्यांच्याही तीन एकर डाळिंबं होती. वास त्यांनी बरोबर ओळखला होता.

आबा काही बोलायच्या आत त्यांनी आबांना बाजूला घेतलं. "आबा, खोटं न्हाय बोलत. म्या मधी बसलो व्हतो, म्याडम त्या टोकाला. दोघास्नी पानी सारखंच. कुठली नळी हाय?"

आबांची छाती फुगली. परतीच्या वाटेवर पिकअपच्या काचेतून हात बाहेर काढून ते बनाबाईंना सांगत राहिले की, तत्त्व ते तत्त्व, स्कर्टला लावा नाहीतर बागेला. चेअरमन असो की शिपाई, पाणी सगळ्यांना सारखं गेलं. बनाबाई राहिलेल्या ब्लाउजांचा विचार करत होत्या.

मधे बसलेली छकुली पेंगत होती. मधलं फूल होऊन आल्यावर तिला आता कशाचीच फिकीर नव्हती. पाणी सगळ्यांना गेलं का, असं आबांनी तिला मुद्दाम विचारलं. तिनं डोळे न उघडता बोटांवर मोजलं. बाई भिजल्या, पाहुणं भिजलं, शेजारची फुलं भिजली, पेटीवालं मास्तर भिजलं.

फक्त मागच्या रांगेतली झाडं कोरडी राहिली.