वरदची दौड आणि वाटेतला चहा

सांगलीच्या वरदच्या टी-शर्टवर ठळक छापलं होतं : 'पोटाचा आजार लपवू नका, बोला!' घोषणा त्याचीच. त्याच्या आतड्याला जुनाट सूज. कळ आली की फार मुदत मिळत नसे. अशाच गरीब रुग्णांच्या औषधांसाठी इस्लामपूरला दौड होती; टी-शर्ट तिचाच. गेल्या वर्षी तो अर्ध्यातून उसाच्या ट्रॅक्टरवर बसून परतला होता. यंदा पोहोचायचंच, असं बायकोला बजावून तो पळत सुटला.

पहिल्याच वस्तीला कळ आली. एका घराच्या दारात बसलेल्या नानासोंना तो म्हणाला, "जरा हातपाय धुवू का?"

नानासो समजले. "मागं हाय, जावा."

तो बाहेर आला तर कपबशी तयार.

"नको, खरंच!"

"आवं पाव्हणं, दारातनं कोरडं जायाचं व्हय?"

दुधाचा चहा म्हणजे वरदच्या आतड्यांना उघड चिथावणी. पण ज्याचा संडास वापरला त्याचा चहा नाकारायचा कोणत्या तोंडानं? तो प्यायला. त्या चहानं पुढच्या वस्तीवर संडास गाठायला लावला, तिथल्या संडासापायी पुन्हा चहा झाला. नातवंडं झालेले धावपटूही पुढे गेले. मागून येणारी रुग्णवाहिका कंटाळून पुढे गेली.

शेवटच्या वस्तीवर अंबूबाईंनी कप पुढे केला. वरदनं हात जोडले.

"का? आमच्यातलं चालत न्हाई?"

"तसं नाही हो मावशी! आतड्याचा आजार आहे. दूध सोसत नाही. लाज वाटते सांगायला."

अंबूबाईंनी त्याची छाती अक्षर अक्षर लावून वाचली. "मग ह्ये काय लिवलंय रं?"

त्यांचा नातू मल्हार दौडीच्या माइकवर होता. वरदचं नाव विचारून त्यांनी त्यालाच फोन लावला. क्षणात रस्त्याकडेचे सगळे कर्णे गरजले, "मागं ऱ्हायलेल्या वरदरावांना आतड्याचा आजार हाय! कुनी च्या देऊ नका! संडास मोकळं ठेवा!"

मग काय, घराघरांतून माणसं बाहेर आली. "या पाव्हणं, मोकळा हाय!" शरमेनं वरद असा पळाला की एकाही संडासाची गरज न लागता त्यानं रेषा ओलांडली. शेवटचा, पण टाळ्या सगळ्यात जास्त.

उघड्या जाकिटाखाली तोच टी-शर्ट घातलेल्या प्रमुख पाहुण्यांनी, दिग्विजयरावांनी, हार घालता घालता त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"आमालाबी हाय ह्यो आजार. पर कुठं बोलू नका."

वरदनं नुसतं त्यांच्या छातीकडे पाहिलं.

दिग्विजयरावांनी जाकिटाची बटणं लावून घेतली.