उलटी चेन

दिगंबर घाडीने वडिलांचा जुना चेनसॉ घरच्या घरी दुरुस्त करून सुरू केला, तेव्हा तो लाकूड कापायच्या ऐवजी जोडू लागला.

गावात चेनसॉला सगळे कटरच म्हणत. आबा घाडी होते तोवर त्या कटरला दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती, पोटच्या मुलानेही नाही. आबा गेले आणि कटर पडवीत गोणपाटाखाली पडून राहिला. दिगंबर एसटीत कंडक्टर. तिकिटं फाडणाऱ्या माणसाला कार्बोरेटरमधलं काय कळणार? पण त्याने हट्टाने सुटीच्या दिवशी सगळं खोललं, चिकटलेलं जुनं तेल बायको सुलभाच्या भाजीच्या पातेल्यात धुतलं, त्याबद्दल तिची बोलणी खाल्ली, प्लग बदलला, दात कानशीने घासले आणि चेन चढवली. दोरी ओढल्यावर कटर खोकला, मग गुरगुरू लागला. दिगंबरचा ऊर भरून आला.

त्याने मागीलदारी पडलेल्या फणसाच्या ढलप्यावर पातं टेकवलं. शेजारचा दुसरा ढलपा सरपटत आला आणि पहिल्याला चिकटला. सांधा कुठे दिसेना. दिगंबर हबकून तिथेच मटकन बसला. सुलभा बाहेर आली, तिने तो ओंडका उलटासुलटा करून पाहिला आणि आता हा चुलीत कसा घालायचा, एवढंच विचारलं.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. सरपंच मालतीबाई स्वतः बघायला आल्या. लाकडाचा विषय म्हणजे नियम आलेच. त्यांनी ओंडक्यावर बोटं फिरवली, थोडा विचार केला.

"तोडूक परवानगी लागता," त्या म्हणाल्या. "जोडूक लागता असा माका कोणी सांगूक नाय. चलांदे."

सरकारी अडचण मिटली तसा दिगंबरला चेव आला. परसात आंब्याचं खोड होतं, गुडघाभर उंचीचं. त्याने सहज, बघू तरी म्हणून, कटर त्या खोडाला लावला.

आधी पाणंदीतून शेजारच्या वसंत सावंतांचं पुढचं दार चालत आलं. ते याच आंब्याच्या फळ्यांचं होतं. मागोमाग देवळातले दोन पाट आले, शाळेतलं बाक आलं. सगळ्यांनी आपापल्या जागा घेतल्या. भुसा उडत आला आणि फटींत भरला. सावंत चपला न घालताच दाराच्या मागून आले होते. त्यांची तक्रार काही नव्हती.

"दार गेला तर जावं दे," ते म्हणाले. "कडी-कोयंडो तेवडो काढून दी. पितळेचो आसा."

दिगंबरने कडी-कोयंडा काढून दिला. मग त्याने वर पाहिलं. झाड पुरं झालं नव्हतं. खाली खोड होतं, वर हिरव्यागार फांद्या होत्या, आणि मधे माणूसभर उंचीचं काहीच नव्हतं. फांद्या आपल्या हवेत उभ्या होत्या.

मधलं लाकूड कुठे गेलं ते घरात दोघांनाही ठाऊक होतं. गावात माणूस गेलं की त्याच्या घरचा आंबा तोडायचा, ही रीत. आबा गेले त्या दिवशी याच कटरने हा आंबा पाडला होता. जाडजूड बुंधा चितेला गेला, उरलेल्याच्या फळ्या झाल्या. दिगंबर तेव्हा रातराणी घेऊन लांबच्या ड्यूटीवर होता. चुलतभावाने अग्नी दिला. दिगंबर पोचला तेव्हा राख कोमट होती. बापाचं तोंड त्याला बघायला मिळालं नाही, आणि हे त्याला अजून जेवताखाता आठवायचं.

"ता लाकूड एकटा नाय गेलला," सुलभा हळूच म्हणाली. "त्येच्यावांगडा आबा गेले."

दिगंबरला भीती वाटत होती आणि ती त्याने लपवलीही नाही. पण कटर चालू होता, आणि बंद करायला त्याचा हात होईना. त्याने पातं पुन्हा खोडाला टेकवलं.

खाडीच्या बाजूने धूर आला. येताना तो दाट होत गेला. पाण्यातून राख आली, राखेचे निखारे झाले, निखाऱ्यांचं लाकूड झालं, आणि बुंधा धाडकन जागेवर बसला. बुंध्याला टेकून आबा बसले होते. अंगावर कोरं कापड, कपाळाला बुक्का. सुलभाने डोक्यावर पदर घेतला आणि ती चहा ठेवायला आत गेली. सावंत म्हणाले, बरं झालं आलात. दिगंबर नुसता बघत राहिला, डोळे भरून, मागचं सगळं वसूल करत.

आबांनी तोंडातलं तुळशीचं पान काढून बाजूला ठेवलं. मुलाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते कटरकडे बघत होते.

"चेन उलटी बसयलंस," ते म्हणाले. "दातांची तोंडा बघ खंय आसत. पानो दी."

दिगंबरच्या लगेच लक्षात आलं. चेन सुलटी झाली की कटर कापू लागणार. आबांनी जन्मभर दुरुस्त केलेलं मशीन कधी चालवून बघितल्याशिवाय ठेवलं नव्हतं, आणि समोर झाड एकच होतं.

"पानो खंय गेलो कोण जाणा," तो म्हणाला.

आबा आता घरीच असतात. जेवण व्यवस्थित आहे, झोप बरी आहे. सावंतांनी पत्र्याचं दार करून घेतलं. चुकीची बसवलेली चेन मात्र आबांच्या डोळ्यांना सोसत नाही. रोज सकाळी चहा झाला की ते पडवीत, माळ्यावर, चुलीमागे पाना शोधतात. ड्यूटीवर जायच्या आधी दिगंबरही त्यांच्याबरोबर शोधतो, अगदी मन लावून, खाकी पँटच्या खिशातला पाना वाजू नये म्हणून त्यावर एक हात ठेवून.