पावणेसहाची सुटलेली ओळ

मी एका माणसाच्या वेळापत्रकातून त्याची बायको गाळली.

मुद्दाम नव्हे. स्वच्छ नक्कल करत होतो, तिकडे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये मेंढीकोटाचा डाव माझ्यावाचून खोळंबला होता, आणि एक ओळ सुटली. माणसाच्या हातून ओळ सुटते. पण ज्यांची सुटली ते भाऊसाहेब कारखानीस होते, आणि वेळापत्रकात नसलेली गोष्ट भाऊसाहेबांच्या घरात घडत नसे.

भाऊसाहेब कल्याण यार्डाचे हेड यार्डमास्तर. मी त्यांच्या ऑफिसातला सगळ्यात धाकटा कारकून, आणि क्वार्टर्समधला शेजारी. आमच्या मागच्या अंगणांमध्ये मेंदीचं एक कुंपण होतं. ते इतकं विरळ होतं की आमच्याकडे फोडणी पडली की शिंक त्यांच्याकडे यायची.

दिवसभर मालगाड्या जोडायच्या, तोडायच्या, घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन लावायचं, साठ-सत्तर माणसं हाकायची, एवढं करून माणूस घरी येतो तो यार्ड विसरायला. भाऊसाहेब यार्ड बरोबर घेऊन येत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत, देवांच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत त्यांच्या आयुष्याचं वेळापत्रक टांगलेलं असे. ऊठ ४.४०. देव ५.१० ते ५.३०. एकादशीला दहा मिनिटं जादा. गंभीर वाचन २०.३० ते २१.१०. हलकं वाचन फक्त रविवारी. मुलगा नागपूरला नोकरीला नि मुलगी इंदूरला दिलेली, म्हणून 'अपत्ये (पत्राने)' हेही रविवारीच. आणि रोज १७.४५ ते १८.००, कुटुंब.

"गुप्ते," ते मला बोट उभं करून सांगत, "काम, कुटुंब, देव, पुस्तक नि झोप. पाच गाड्या आणि एकच रूळ. टक्कर का होत नाही? वेळापत्रक!"

टक्कर होत नसे, पण गाड्या अडकून पडत. दुपारी जेवायला घरी आले की पंचवीस मिनिटं झोप. तिला ते 'ब्लॉक' म्हणत. रूळ दुरुस्तीसाठी बंद ठेवतात ना, तसा. एकदा त्यांचे मेहुणे उन्हातान्हातून मुलीचं लग्न जमल्याची बातमी घेऊन आले. भाऊसाहेबांनी डोळे न उघडता सांगितलं, "ब्लॉक आहे. पावणेदोनला या." मेहुणे पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून पायरीवर बसले. पावणेदोनला भाऊसाहेब उठले, चष्मा लावला आणि म्हणाले, "अभिनंदन. लग्न इतकं लेट कशामुळे?"

देवाचीही सुटका नव्हती. पूजा चालू असताना यार्डातून बोलावणं आलं की हातातलं फूल ताम्हनात ठेवून, हात जोडून ते म्हणत, "देवा, तुला जरा डिटेन करतो." परत आले की फूल जिथून उचललं तिथून पुढे. आणि पुस्तकांचं तर काय सांगावं! रविवारच्या हलक्या वाचनात एकदा खुनाची गोष्ट होती. शेवटच्या पानावर पोलीस अधिकारी खुन्याकडे बोट दाखवून नाव उच्चारणार, एवढ्यात वेळ संपली. भाऊसाहेबांनी पुस्तक मिटलं. खुनी पुढच्या रविवारपर्यंत मोकळा होता. मला तेवढा दम निघेना. मी ते पुस्तक मागून नेलं, तर वहीत नोंद करून खाली माझी सही घेतली.

चुकलेल्या माणसावर ते ओरडत नसत. त्याच्या हातात चिठ्ठी देत, 'स्पष्टीकरण द्यावे.' घरीही तेच. एकदा माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, चिठ्ठी गेली, 'आमटीत मीठ नसण्याचे कारण कळवावे.' माईंनी त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं, 'मीठ घालतेवेळी चष्म्यासाठी हाक आली. चष्मा कपाळावर होता.' भाऊसाहेबांनी खाली शेरा मारला, 'स्पष्टीकरण समाधानकारक.' आणि अळणी आमटी प्यायले.

एक मात्र कबूल करायला हवं. त्यांच्या यार्डात रजा मागावी लागत नसे. कुणाच्या गावची जत्रा कधी, कुणाच्या घरी बाळंतपण कधी, हे त्यांच्या तक्त्यात आधीच मांडलेलं असे. आमचा जोमा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, खाडीकडच्या गावातला, म्हणायचा, "आमचे देवीची जत्रा आमचे घरान इसरतील, भाऊसायेब नाय इसरायचा." मग बिडी कानावर खोचून वर म्हणायचा, "पन बायकोशी बोलाला टायम लावलाय, ता काय खरा नाय."

तो टायम मी कुंपणातून रोज बघत असे. पावणेसहाला दोघं मागच्या पायरीवर येत. माई भाजी निवडत आणि भाऊसाहेब कादंबरी वाचून दाखवत. हो, कादंबरी! वाचनालयाच्या कमिटीत ज्यांनी "कादंबऱ्या म्हणजे रिकाम्या डब्यांची गाडी" असं म्हणून त्यांची खरेदी निम्म्यावर आणली, तेच भाऊसाहेब बायकोच्या नावावर एक तीनभागी कौटुंबिक कादंबरी आणून नायिकेचे हुंदके आवाज बदलून काढत. सहाच्या ठोक्याला पुस्तक मिटत. नायिका हुंदक्यात असेल तर हुंदक्यातच.

रेल्वेचं वेळापत्रक सहा महिन्यांनी बदललं की यांचंही बदले. आधी कच्चा मसुदा होई. तो 'संबंधित खात्याकडे', म्हणजे स्वयंपाकघरात, जाई. माई त्यावर पेन्सिलीने काय बदलायचं ते करत. मग मसुदा माझ्याकडे येई, कारण माझं अक्षर चांगलं. माझ्याजवळ चांगली म्हणावी अशी तीच एक गोष्ट. त्या ऑक्टोबरात मी घाईघाईने नक्कल केली, भाऊसाहेबांनी माझ्या अक्षरावर विश्वासून खाली सही ठोकली, तक्ता चौकटीत गेला आणि मी इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. कच्च्या कागदाच्या पाठीवर आम्ही त्या संध्याकाळचे कोट मांडले.

दुसऱ्या दिवसापासून पायरीवर बदल झाला. माई भाजी आत बसून निवडू लागल्या. पावणेसहाला भाऊसाहेब एकटेच पायरीवर येत. हातात ती कादंबरी असे, पण मिटलेली. मध्ये बोट घातलेलं. सहाला उठून शतपावलीला जात. मी शालूला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, "बघ, भाऊसाहेबांनी आता रिकामं बसायचाही वेळ आखलाय!" आणि टोपी घालून पत्ते खेळायला गेलो.

आठवडाभराने कोटाच्या खिशात तो मसुदा सापडला. एका बाजूला मेंढीकोट, दुसऱ्या बाजूला शाईने, ठसठशीत, १७.४५ ते १८.००, कुटुंब. पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती त्यावर. मी तक्ता आठवून पाहिला. १७.३० चहा. १८.०० शतपावली. मधे काहीच नाही.

आता सरळ माणूस काय करील? जाऊन सांगेल. मी मसुदा परत खिशात घातला. माझ्या नावावर दोन स्पष्टीकरणं आधीच होती. तिसरं वरच्या साहेबाकडे जाई, आणि मी अजून कायम व्हायचा होतो. शिवाय मी स्वतःची समजूत घातली, की अशा माणसापासून रोजची पंधरा मिनिटं सुटका झाली, तर माईंवर हा उपकारच नाही का?

उपकार माईंच्या तोंडावर दिसत नव्हता. पूर्वी त्या कुंपणावरून शालूला कढीलिंबाची डहाळी देताना चार शब्द बोलत. आता नुसती डहाळी देत. एकदा शालूने विचारलं, "माई, बरं नाही का?" तर म्हणाल्या, "बरी आहे गं. वेळ बराच उरतो हल्ली."

अशात वाचनालयाने भाऊसाहेबांचं व्याख्यान ठेवलं. विषय, 'कर्त्या माणसाचे चोवीस तास'. भाऊसाहेबांनी मला हुकूम केला, "तक्ता मोठ्या पुठ्ठ्यावर काढा. मागच्या रांगेला दिसला पाहिजे." ती ओळ परत घालायची ही नामी संधी होती. पण घातली असती तर आधीची चूक उघडी पडली असती. मी पुठ्ठ्यावरही ती गाळली. या खेपेस शुद्धीवर असताना.

रविवारी संध्याकाळी वाचनालयाचा दिवाणखाना भरला. उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष. जोमा दाराशी उभा. मी पुठ्ठा धरून व्यासपीठाच्या कोपऱ्यात. भाऊसाहेब रंगात आले. वेत एकेका ओळीवर ठेवत त्यांनी देव सांगितला, झोप सांगितली. "ज्याला वाचायला सवड नाही त्याने माणसांवर अधिकार गाजवू नये," म्हणाले. टाळ्या पडल्या. वेत चहावर आला आणि तिथून उडी मारून शतपावलीवर गेला. उडी मारताना तो किंचित थांबला, ते फक्त मला दिसलं असं मी समजत होतो.

शेवटी अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?" अशा वेळी कुणाला शंका नसते.

बायकांतून माई उभ्या राहिल्या. पदर सावरला. म्हणाल्या, "यात मी कुठे आहे?"

नवऱ्याच्या व्याख्यानात बायकोने शंका विचारल्याचं कल्याणात कुणी ऐकलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "सन्माननीय श्रोत्यांनी..." अशी सुरुवात केली. मग वेत खाली घेतला. आणि आम्ही यार्डात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "अगं, तूच काढलीस ना ती ओळ?"

"मी?"

"मसुदा तुझ्याकडे आला होता. नक्कल होऊन आली तेव्हा ओळ नव्हती. मला वाटलं, कंटाळलीस. मी आवाज बदलून वाचतो, ते तुला आवडत नसेल..."

"सही तुमची होती खाली! मला वाटलं, तुम्हाला आता जमत नाही. मोठा माणूस. एवढ्या गाड्या."

"तीन आठवडे बसतोय मी पायरीवर."

"मला काय ठाऊक? मी आत होते."

साठ-सत्तर माणसं हाकणारा, देवाला डिटेन करणारा हा गृहस्थ! बायकोला आपण नकोसे झालो, हे त्याने पुराव्यावाचून, चौकशीवाचून, एका दिवसात खरं मानलं होतं. जो आमटीच्या मिठाचं स्पष्टीकरण मागे, त्याने याचं मागितलं नाही. उत्तराला भ्याला. आणि त्या पंधरा मिनिटांवर दुसरी कुठलीही गाडी सोडली नाही. रूळ रिकामा ठेवून बसून राहिला.

मग दोघांच्याही डोक्यात एकदमच आलं, की मसुदा आणि सही यांच्यामध्ये आणखी एक माणूस होता. दोन्ही माना सावकाश पुठ्ठ्याकडे वळल्या. मी पुठ्ठा तोंडासमोर धरला.

"गुप्ते," पुठ्ठ्यापलीकडून आवाज आला, "ओळ कुठे आहे?"

"खिशात," मी म्हणालो.

दाराशी जोमा इतका हसला की त्याच्या कानावरची बिडी पडली.

सोमवारी ऑफिसात भाऊसाहेबांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. मी मनातल्या मनात नोकरीला नमस्कार केला. पण ते स्पष्टीकरण नव्हतं. रेल्वेच्या वेळापत्रकात चूक निघाली की वर चिकटवतात तसली दुरुस्तीची पट्टी होती. अक्षर त्यांचं स्वतःचं, कोंबड्याच्या पायासारखं. १७.४५ पासून, मथुरा. माईंचं नाव. पूर्वी तिथे नुसतं 'कुटुंब' असे. आणि संपण्याची वेळ लिहिलेली नव्हती.

"वेळ राहिली, भाऊसाहेब," मी म्हणालो. चूक दाखवायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

"राहिली नाही," ते फायलीतून वर न बघता म्हणाले. "ठेवली नाही. खळ लावून चिकटवा. आणि नक्कल करू नका."

त्या संध्याकाळी मी पत्त्यांना जायला निघालो तेव्हा कुंपणापलीकडे आवाज चालू होता. तीन आठवडे नाशिकच्या एका धर्मशाळेत ट्रंकेवर बसून राहिलेली नायिका एकदाची उठून टांग्यात बसत होती, आणि भाऊसाहेब टांगेवाल्याचा आवाज काढत होते. माई हसत होत्या. सहा वाजले. पुस्तक मिटलं नाही. सहा-दहा झाले. टांगा चाललाच होता.

हा चमत्कार कुणाला तरी सांगायलाच हवा होता. मी टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि शालूला सगळं पहिल्यापासून सांगितलं. आवाज काढून, टोपी पुठ्ठ्यासारखी तोंडासमोर धरून. "म्हणजे बघ," मी म्हटलं, "असा चक्रम माणूस! बायकोसाठी रोज पंधरा मिनिटं, तीही तक्त्यात मांडून!"

शालू तांदूळ निवडत होती. हसली नाही. ताटावरची मान वर करून तिने आधी माझ्या हातातल्या टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रोज?" ती म्हणाली. "पंधरा मिनिटं? आणि चक्रम ते?"