पाचट कुजलं का?

माझी बायको शालन मला बिरोबाच्या चढावर उखाणा घ्यायला लावायची. लग्नात घेतला नव्हता, तो म्हातारपणी, घामाघूम होऊन. त्या मंगळवारीही लावला. "आडसाली ऊस लावला, पाणी दिलं पाटानं..." एवढ्यावर माझा दम संपला. नाव राहिलंच. ती पुढं, लुगडं खोचून, पायांत लेकीचे जुने बूट. मागं वळून म्हणाली, "आता कुजतंय!" घरी येऊन आम्ही भाकरी खाल्ली. संध्याकाळी तिला ताप भरला. मिरजेला नेलं. आठवडासुद्धा काढला नाही तिनं.

कुजतंय म्हणजे काय, ते सांगतो. आमची लेक सुमन मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथल्या डॉक्टरनं शालनला सांगितलं, की अंगातली पेशी आपल्यातला मोडका कचरा आपणच फोडते आणि त्याचंच परत नवं करते. व्यायामानं हे काम वाढतं. शालन म्हणाली, "म्हंजे आमच्या उसाचं पाचटच की! वाळका पाला पेटवायचा न्हाई, सरीतच कुजवायचा, फुडच्या पिकाला खत." डॉक्टर म्हणाला, "अगदी तसंच, आजी." झालं! तेव्हापासून अख्ख्या गावाच्या मागं लागली.

हळू चालून भागतं का, हेही तिनं खोदून विचारलं. डॉक्टर म्हणाला, हळू चालणंही चांगलंच, पण जोर लावला तर पायाच्या स्नायूत हे काम जास्त होतं असं दिसतंय. काळजात, मेंदूत किती होतं, ते मात्र बरंचसं उंदरांवरच बघितलंय.

"उंदराला हुतंय, मग आमच्या ह्यांना का न्हाई?"

डॉक्टरनं पुढचा पेशंट बोलावला.

आता जोर किती, ते मोजायचं कसं? तिनं उखाणा काढला. एका दमात पुरा झाला, तर पेशीला पत्ताच नाही, पाय उचला. नावाआधी दम तुटला, की बरोबर. आणि तोंडातून शब्दच निघेना, तर खाली बसा. "लय केलं तर कुजत न्हाई, पेटतंय."

सरपंच सकाळी मोबाईलवर बोलत फिरायचे. त्यांना भर रस्त्यात म्हणाली, "भाऊ, बोलताय म्हंजे पाचट हाय तसंच!" एका लग्नात व्याह्याच्या पोटाकडं बघून, "दोन हंगामाचं साठलंय." मी पत्रावळीत मान घातली.

मला चीड एकाच गोष्टीची. बायकोनं नवऱ्याच्या मागं चालायचं, ही आमच्याकडची रीत. ही कायम पुढं! पारावरचे म्हातारे ओरडायचे, "आबा, कारभारीण फुडं गेली की रं!" मग मी जीव खाऊन पळायचो. कधी गाठली नाही.

तेराव्याला जेवताना एकजण म्हणाला, "एवढी पळून काय उपेग झाला?"

"तापाला कोण पळून हरवत न्हाई," मी म्हणालो. "जेव गप."

संध्याकाळी सुमन भांडी आवरत होती. मी म्हणालो, "लय नाद हुता तुझ्या आईला चढाचा."

"नाद? आवं आबा, गुडघं गेलं हुतं तिचं. चढ बघितला की रडू यायचं तिला. मलम मीच पाठवायची."

"मग कशाला मरत हुती?"

"तुमची साखर वाढलेली. डॉक्टर म्हणालं, ह्यांना घाम निघल असं चालवा. तुमी कवा कुणाचं ऐकलंय? आई म्हणाली, सांगून न्हाई जायाचं ते. मी फुडं गेले की झक मारत येत्यात."

मी उरलेली ताटं तिच्या पाटीत ठेवली. सुमन भांड्यांची पाटी घेऊन उठली, तर तेवढ्यानं तिला धाप लागली. वय चाळीसही नाही. दुसऱ्यांची साखर तपासते, स्वतःचं अंग बघत नाही. वर मलाच म्हणते, "आबा, आता जपून. हळूहळू फिरत जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिरजेला निघाली. एसटीचा फाटा चढाच्या पलीकडं. "रिक्षा बोलवा की," ती म्हणाली. मी तिची पिशवी खांद्यावर टाकली आणि चालायला लागलो.

"आबा, हळू! आवं, आबा!"

"चल, एसटी जाईल."

एसटीला अजून पुष्कळ वेळ होता. मागनं तिच्या चपला फटफट वाजायला लागल्या. मग धाप ऐकू आली. मी आणखी पाय उचलला.